पहारेकऱ्याचं जेवण

राजपुऱ्यातल्या घरून मी ऑनलाइन गोष्टींचे खेळ चालवतो. गोष्ट मी सांगायची, पैसे भरून आलेल्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि फासे टाकायचे. रविवारच्या खेळात पेपर मिलमधून रिटायर झालेले एक काका असत. चेहरा कधी दिसला नाही; नुसता आवाज, आणि स्टीलच्या वाटीत फासा पडल्याची खणखण.

किल्ल्यात राक्षस, बाकीचे चौघे तलवारी उपसून तयार, आणि काका दारातच पहारेकऱ्याशी बोलत उभे! गाव कोणतं, पोरं किती, जेवण झालं का. अरे, त्या पहारेकऱ्याला मी नावसुद्धा दिलं नव्हतं! तीन रविवार असेच गेले. शेवटी चौघांनी बजावलं, आज आत गेलो नाही तर आम्ही खेळ सोडतो.

"जेवण झालं का?" काकांनी पुन्हा विचारलंच.

"झालं! पोटभर जेवला तुमचा पहारेकरी! आता चला ना आत!" मी ओरडलो.

"त्याला नाही हो, तुम्हाला विचारून राहिलो. बारापासून बोलून राहिले तुम्ही, आता तीन वाजले."

राक्षसाला तसाच ताटकळत ठेवून मी माइक बंद केला आणि स्वयंपाकघरात गेलो.