मामाचे सात बंद फोन आणि जबलपूरचे तीन दिवस

जबलपूरला मी फिरायला गेलेच नव्हते. मामाला कायमचं नागपूरला आणायला गेले होते. मामी गेल्यापासून तो एकटा, त्यात न्हाणीघरात दोनदा पडला. डिफेन्स फॅक्टरीतून रिटायर झालेला माणूस, ऐकतो कुणाचं? पण या वेळी फोनवर चक्क हो म्हणाला. मी लगेच सकाळची बस धरली.

जाणार असाल तर खिडकीची जागा घ्या, पेंचचं जंगल लागतं. सिवनीला समोसा आणि चहा, तीस रुपयांत पोट शांत. दुपारी घरी पोचले तर मामाची बॅग भरलेली आणि टेबलावर सात बंद मोबाइल ओळीने मांडलेले.

"हे मार्गी लागल्याशिवाय मी नाही येत," मामा म्हणाला.

"कबाडीवाल्याला देऊन टाकू."

"काहून? तो कुठं टाकते, तुले मालूम आहे? फॅक्टरीत आमचा खराब माल कुठं नष्ट झाला ते लिहून सही झाल्याबिगर वही बंद होत नव्हती."

त्याने वहीचं पान आखलंही होतं: वस्तू, नेणारा, शेवट कुठे. एक फोन आतली बॅटरी सुजल्यामुळे पोट फुगवून बसला होता. मामाने तो अंगणात वाळूच्या बादलीत ठेवला. फुगलेला फोन दाबू नका, प्रवासात नेऊ नका, हे मीही तेव्हाच शिकले.

दुसऱ्या दिवशी उरलेले सहा घेऊन तिथल्या सदर बाजारात गेलो. आधी खव्याची जिलेबी, काळीभोर, एकीतच जेवण होतं. मग मोबाइलचं मोठं दुकान. दारात जुने फोन टाकायचा, हिरवं पान रंगवलेला डबा, आत दोन फोन आणि वेफरची पाकिटं.

"अंकल जी, इसमें डाल दीजिए, कंपनी ले जाती है," सेल्समन म्हणाला.

"कहाँ?"

"कंपनी में, अंकल जी."

मामाने हात मागे घेतला. मला लाज वाटली. पण बाहेर आल्यावर वाटलं, विचारलं त्यात चुकलं काय?

संध्याकाळी गल्लीत अच्छेलाल कबाडी भेटला. त्याने फोन उलटेपालटे केले. स्क्रीन, स्पीकर रिपेअरवाले घेतात, बोर्ड दिल्लीच्या व्यापाऱ्याकडे जातात, असं सांगितलं.

"तुम नहीं गलाते?"

"पहले जलाते थे, बाबूजी. ताँबा निकलता था. घरवाली की साँस फूलने लगी तो छोड़ दिया."

"दिल्ली में क्या करते हैं?"

"हमारी जगह कोई और जलाता होगा."

खरं बोलला म्हणून मामाने त्याला चहा पाजला, आणि खरं बोलला म्हणूनच फोन दिले नाहीत. मी पार गोंधळले. डबा बरा की अच्छेलाल? घरात ठेवणं म्हणजे काही शहाणपण नाही, पण देऊन मोकळं होणं तरी शहाणपण कुठे होतं?

तिसऱ्या दिवशी भेडाघाटला गेलो. संगमरवरी कड्यांमधून नाव चालली होती, नाववाला एकेक विनोद सोडत होता, सगळे हसत होते. माझं लक्षच नव्हतं. मी मामाला म्हटलं, फोन शेजाऱ्यांकडे ठेव आणि चल. तो म्हणाला, "अच्छा, पाहू," आणि पाण्याकडे पाहत बसला. नागपूरच्या बसमध्ये मी एकटीच होते, मामा मागेच राहिला.

नागपूरला येऊन आठवडाभर फोन फिरवले. सात फोनांसाठी कुणी गाडी पाठवायला तयार नाही. शेवटी एक संस्था सापडली. जबलपूरला येऊन नेणार, फुगलेलाही नेणार, आणि कुठे वितळवले याचा कागदही देणार. काल आनंदाने मामाला कळवलं.

तो म्हणाला, "चलो, बढिया झालं. पण बाजूचे शर्माजी बी चार फोन देऊन राहिले. पलीकडच्या दीदीकडे बी आहेत म्हणते. त्यांचं बी पाहावं लागल ना?"

मला राग आला, मग रडूच आलं. त्याच्यासाठी लावलेल्या खोलीत पलंगावर नवी चादर घातली आहे. ती राहू द्यावी की काढून ठेवावी, तेवढंसुद्धा मला कळत नाहीये.