यंदा टेम्पोत बसायचं नाही

सांगलीत मार्केट यार्डाकडं जाणाऱ्या रस्त्याला लालासाहेबांचं सायकलचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, पंक्चर बघायला पाण्याचं घमेलं आणि गिऱ्हाइकाला एक बाकडं. त्या बाकड्यावर जो बसला त्याच्या सायकलीला दीड तास लागतो. जो उभा राहिला त्याची दहा मिनिटांत होते. कारण बसलेल्याला लालासाहेब गोष्ट सांगतात. फौजेत अठरा वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, त्यातली पाच लेहला. त्या पाच वर्षांच्या गोष्टी तीस वर्षं पुरल्या आणि अजून तळ दिसत नाही.

वय अडुसष्ट. मिशी अजून हुकमात आहे, गुडघे तेवढे हुकमाबाहेर गेले.

दुकानात भिंतीवर एक पाटी होती, लाल रंगात, त्यांच्याच हातची: ‘येथे बॅटरीच्या सायकली दुरुस्त होणार नाहीत.’ कुणी विचारलंच तर म्हणायचे, “आरं, पाय देवानं कशाला दिल्यात? चपला घालायला?”

दर वर्षी चैत्रात त्यांची सायकलची टोळी मेढ्याला जायची. तिथं वरच्या अंगाला एक डोंगर, डोंगरावर पठार, पठारावर देवीचं ठाणं आणि ठाण्यापुढं ढोरांसाठी एक दगडी डोण. उन्हाळ्यात वर पाण्याचा थेंब नसतो. म्हणून गावकीचा रिवाज असा, की जो चढून येईल त्यानं आपल्याजवळचं पाणी आधी त्या डोणीत ओतायचं. मग तिथं करंजाखाली बसलेली राहीबाई त्याला ताकाचा तांब्या देणार. ही फेरी लालासाहेबांनीच सुरू केली होती आणि अठरा वर्षांत एकदा चुकली नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी म्हणजे गेल्या साली निम्म्या चढावर गुडघा जो अडकला तो सुटलाच नाही. मंडळींनी त्यांना खाली आणून टेम्पोत बसवलं आणि ती वर गेली. उतरताना खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली. “काका, प्रसाद.” दवाखान्यातल्या पेशंटला मोसंबी द्यावी तसा! तो तुकडा लालासाहेबांच्या घशात वर्षभर अडकून राहिला. एकदाच, फक्त एकदाच, आपल्या सायकलीवरनं वर जायचं आणि राहीबाईच्या हातचं ताक प्यायचं, मग गुडघे गेले तर जाऊ देत, असं त्यांनी मनाशी धरलं.

आणि फाल्गुनात दुकानाचं शटर अर्धं खाली आलं.

कुरियरनं एक खोकं आलं होतं. मागच्या चाकात बसणारी नारळाएवढी मोटर आणि तिची बॅटरी. बॅटरी करणाऱ्यानं काय डोकं लढवलं होतं बघा, हुबेहूब पाण्याच्या बाटलीचा आकार! काळी, गोल, वर खोटं झाकण. लालासाहेबांनी ती सायकलीच्या दांडीवर बाटलीच्या जागी बसवली, वायर काळ्या पट्टीखाली दडवली, बटण घंटीच्या पोटाशी लपवलं. दोन दिवस लागले. दोन दिवस बाकड्यावर कुणाला गोष्ट नाही.

हरणाबाई डबा घेऊन आल्या त्या शटरखालनं वाकून बघतच राहिल्या.

“आवं, गुडघं दुखत्यात म्हणून सरळ सांगा की लोकास्नी.”

“त्यापरीस गुडघा कापून दीन.”

“आन ती भितीवरची पाटी?”

“पाटीला काय डोळं हायती व्हय?”

झालं. चैत्रातल्या एका रविवारी पहाटे उदयसिंहांच्या टेम्पोत चार सायकली चढल्या. उदयसिंह हळदीचे व्यापारी, पन्नाशीचे, पोट बऱ्यापैकी. त्यांच्या टेम्पोत बसलेला माणूस उतरताना हळद लागलेल्या नवरदेवासारखा दिसतो. दुसरी ज्ञानदा; तिचा गुडघे-कंबरेच्या व्यायामाचा दवाखाना आणि लालासाहेब तिचेच पेशंट. तिसरा अवधूत, घरी बसून कंपनीचं काम करणारा तिशीतला पोरगा. त्याची सायकल मात्र उघडउघड बॅटरीची, जाड नळीची, तेवीस किलो.

कराड यायच्या आत भांडण सुरू झालं.

“अवधूत, ती तुझी विजेची म्हैस वर न्यायची न्हाई बरं का,” उदयसिंह गाडी चालवता चालवता म्हणाले. “खाली गावानं फळा लावलाय. इंजिनाच्या गाडीला बंदी.”

“इंजिन कुठंय हिला? पायडल मारल्याशिवाय हलत नाही ती. धूर नाही, आवाज नाही. तुमच्या धापेचा आवाज जास्त आहे.”

“आज तू एकटा. उद्या तुझ्यामागं शंभर येतील. वाट उखडंल.”

“वाट काय फक्त सायकलीनंच उखडते?” ज्ञानदा मधे पडली. “बैल नाहीत का जात?”

“बैल गावचे. आपण पाहुणे.”

मुद्दा खरा होता, ज्ञानदानंही मान हलवली. पण अवधूत कुठला गप्प बसतो! “आणि ज्याच्यात दम नाही त्यानं काय डोंगर बघूच नये? म्हाताऱ्या माणसानं काय करायचं?”

“टेम्पोत बसायचं,” उदयसिंह बोलून गेले, आणि मग एकदम खोकले.

साताऱ्याला पोहे खाताना तेच, मेढ्याच्या रस्त्याला तेच. आश्चर्य असं की सगळा वेळ लालासाहेब खिडकीतनं ऊस बघत होते. डोंगराच्या पायथ्याला फळ्यापुढं उभं राहिल्यावर मात्र तिघांनी त्यांच्याकडं तोंड केलं.

“लालासाहेब, फेरी तुमची. तुमीच सांगा,” उदयसिंह म्हणाले.

खरं बोलायला हीच जागा होती. लालासाहेबांच्या जिभेपर्यंत आलंही. पण डाव्या अंगाला तीच जांभळीखालची टेम्पो लावायची जागा दिसली, गेल्या वर्षीची, आणि तोंडातनं भलतंच बाहेर पडलं:

“नियम म्हंजे नियम. बॅटरी बंद. न्यायची तर ढकलत न्ये.”

अवधूतनं बटण बंद केलं आणि तेवीस किलोची म्हैस ढकलायला लागला.

आता चढाची गंमत ऐका. मोटर आवाज करत नाही म्हणतात, पण डोंगरातल्या शांततेत ती डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखी गुणगुणते. त्यावर लालासाहेबांपाशी उपाय होता: तोंड चालू ठेवायचं. अठरा वर्षं चढावर ज्यांच्या तोंडातनं फक्त ‘हाश्श’ निघायचं, ते यंदा पहिल्या वळणापासनं गोष्ट सांगत निघाले.

“तर लेहला असताना आमच्या युनिटात एक खेचर हुतं. राणी. लय मानी जनावर. चढ आला की बसायची. एकदा काय झालं...”

उदयसिंह हँडलवर आडवे पडून धापा टाकत होते. “धाप... लागत न्हाई... तुमास्नी?”

“पानी प्या तुमी,” असं म्हणून लालासाहेबांनी पाठीवरच्या पिशवीतली छोटी बाटली काढली आणि स्वतःच घोट घेतला. गोष्टींनी घसा सुकत होता. तिसऱ्या वळणाला ती बाटली संपली.

ज्ञानदा मागनं त्यांच्या गुडघ्यांकडं बघत येत होती. “काका, परवा माझ्या दवाखान्याच्या चार पायऱ्यांना तुम्ही दोनदा थांबला होता.”

“तुज्या हाताचा गुण बाई! तर राणी बसली. पाठीवर ओझं. हवालदार म्हनाला...”

तेवढ्यात खालनं दगडावर चाक घसरल्याचा आवाज आला. अवधूत. शर्ट पिळावा असा भिजलेला, दोन्ही हात हँडलला, मान खाली. लालासाहेबांनी बघितलं आणि गोष्ट तिथंच थांबली. पुढचं वळण त्यांनी नुसत्या मोटरच्या गुणगुणीत काढलं. कुणी विचारलं नाही, कारण विचारायला कुणाच्या अंगात वारं उरलं नव्हतं.

वर पोचले. पठारावर ऊन, चार-सहा ढोरं, करंजाखाली राहीबाई. म्हातारीनं डोळ्यावर हात धरला.

“फौजी आला म्हना की! मागल्या साली ताक नासलं तुज्यापायी.”

वर्षभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते हेच वाक्य. त्यांनी हात पुढं केला, तांब्या धरायला.

“आदी पानी,” राहीबाई म्हणाली.

अन् लालासाहेबांचं लक्ष डोणीकडं गेलं. वायर लपवली, बटण लपवलं, आवाज लपवला. डोण तेवढी डोक्यातनं गेली होती!

“पानी... संपलं बाई वाटंत.”

“मग ती काय काळी बाटली? काठोकाठ दिसतीया.”

“ती न्हवं... ती आपली...”

“थांबा, मी ओततो,” म्हणून उदयसिंहांनी मदतीच्या भरात खटका ओढून बाटली काढली पण. “आयला, काय वजन! शिसं भरलंय का काय?” झाकण फिरेना. त्यांनी ती काखेत धरली, दातानं बघितली, आणि शेवटी तळ वर करून डोणीवर आपटायला उचलली.

“आरं पान्यात नगं!” लालासाहेब एवढ्यानं ओरडले की ढोरांनी माना वर केल्या. “बॅटरी हाय ती!”

पठारावर एक म्हैस तेवढी रवंथ करत राहिली.

उदयसिंह बाटलीकडं बघत होते. ज्ञानदा तोंडावर रुमाल धरून हसत होती. लालासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं नाही. त्यांचे डोळे वाटेकडं, जिथनं अवधूत आपली म्हैस ढकलत नेमका आत्ताच वर आला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. सायकल आडवी टाकली, जमिनीवर बसला, तोंड पुसलं.

“काका,” तो म्हणाला, “त्या खेचराचं पुढं काय झालं?”

लालासाहेबांनी मिशीवरनं हात फिरवला. आवाज बारीक झाला.

“काय व्हायचं? हवालदारानं ओझं आपल्या पाठीवर घेतलं. खेचर मोकळं चढलं. डुलत.”

“बरं.”

“त्यो हवालदार म्हंजे मी, आसं सांगतो मी समद्यास्नी,” लालासाहेब म्हणाले. “आज खेचर मी, गड्या. चुकलो.”

अवधूत जो हसायला लागला तो उताणाच पडला.

“आवं, पन ही इंजिनाची गाडीच झाली की!” उदयसिंहांना कंठ फुटला. “राहीबाई, तुमीच सांगा. बंदी का न्हाई?”

राहीबाई काठी टेकत उठली. सायकलीभोवती एक फेरी मारली. एक वासरू सीट चाटत होतं, त्याला बाजूला केलं.

“बंदी घातली ती फटफट्यांला ढोरं बुजत्यात म्हनून. हिला कोन बुजलं?”

“उद्या शंभर आल्या म्हंजे?”

“शंभर आल्या तर डोण भरंल,” म्हातारी म्हणाली आणि करंजाआडनं दोन मोठे कॅन काढून लालासाहेबांपुढं ठेवले. “खाली झऱ्याला जा. तू आन ही पोरगं. पानी आना, मग ताक. फुकट न्हाई मिळत.”

तेव्हा दोन बॅटऱ्या चालू झाल्या. लालासाहेब पुढं, अवधूत मागं, कॅन मागच्या बाजूला दोरीनं आवळलेले. दोन खेपांत डोण भरली. राणीची गोष्ट अवधूतला पहिल्यापासनं पुन्हा ऐकावी लागली, ह्या वेळी खऱ्या हवालदाराच्या नावासकट. मग ताक. लालासाहेब तीन तांबे प्याले.

उदयसिंहांचं काही समाधान झालं नाही. परतीच्या वाटेवर कराड मागं पडलं तरी ते “पण तत्त्व म्हणून बघायला गेलं तर...” असंच चालू होते, आणि ज्ञानदा त्यांना गुडघ्याचं वय समजावत होती.

रात्रीच्या जेवणाला लालासाहेब घरी पोचले. कपडे पिवळे, मिशी पिवळी. हरणाबाईंनी गरम पाण्याची बादली पुढं सरकवली.

“पोचला का वर?”

“पोचलो.”

“कळलं न्हाई न्हवं कुनाला?”

लालासाहेबांनी गुडघे पाण्यात सोडले आणि डोळे मिटले.

“ढोरं सोडून समद्यास्नी कळलं. उद्या जरा लाल रंग पुसायला घासलेट दे. ती भितीवरची पाटी काढायची हाय.”