मैनाबाईंचं मत

तेल्हाऱ्याच्या शाळेत मैनाबाई तीस वर्षं पीटीच्या शिक्षिका होत्या. त्यांची शिट्टी वाजली की मैदानावरच्या रांगा सुतासारख्या सरळ होत. निवृत्तीनंतर त्या अमरावतीला, राजापेठेत मुलाकडे राहायला आल्या आणि चौथ्या वर्षी पार्किन्सननं गाठलं. आधी मांडीवर विसावलेला उजवा हात थरथरू लागला. मग दारात पोचल्या की पाय फरशीला चिकटायला लागले.

"आई, तू आता बसून राय," मुलगा कुलदीप म्हणाला.

"तीस वर्षं कोणाले बसू देलं नाही, अन् मी बसू?"

गोळ्या सुरू होत्या, त्यांनी हात बराच सुधारला. दारातलं अडकणं मात्र जाईना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या प्रणालीनं एकदा सगळं समजावून सांगितलं. "बाई, पाय आपोआप उचलाले लावते तो मेंदूचा आतला भाग थकला. पण मागच्या बाजूले, मानेच्या वर, लहान मेंदू असते. तोल अन् ताल तो सांभायते. समोर रेघ दिसली, कानावर ठेका पडला, की त्याच्या वाटेनं पाय उचलते, असं डॉक्टर लोक मानतात. थरथरीतही त्याचा वाटा असावा म्हणतात."

"म्हणजे आमच्या वर्गाचा मॉनिटर," मैनाबाई म्हणाल्या. "काम बी तोच करते, गोंधळ बी तोच करते."

प्रणालीनं फरशीवर पट्ट्या चिकटवल्या. पाहुणे येणार म्हणून कुलदीपनं त्या उपटल्या. मैनाबाईंनी खडूनं रेघा ओढल्या, वाकड्यातिकड्या, पण दारापर्यंत.

अशात महापालिकेची निवडणूक आली. कुलदीपनं व्हीलचेअर आणली. "मी सोबत येतो, आई. तुयी बटणं मीच दाबतो. परवानगी भेटते."

"मले दिसते. बोटं हायेत. तू काहून दाबशील?"

 कुलदीपचा एक मित्र निवडणुकीला उभा होता, हे मैनाबाईंना चांगलं ठाऊक होतं.

मतदानाला त्या रिक्षातून गेल्या. व्हीलचेअर घरीच राहिली. मतदानाच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी व्हायचं तेच झालं, पाय खिळले. मागं रांग तुंबली. कोणी म्हणालं, "आजीले उचला ना." कोणी दंड धरला. तसे पाय आणखीच घट्ट झाले.

"हात काढा," मैनाबाई म्हणाल्या. त्यांनी मान ताठ केली आणि मैदानावरचा आवाज काढला. "तेज चल! एक-दो-एक, एक-दो-एक."

रांगेतली माणसं दचकली. मैनाबाई मात्र उंबरा ओलांडून थेट सही करायच्या टेबलापाशी पोचल्या होत्या. यंत्रासमोर हात थरथरत होता, पण बटणाकडे नेताच बोट स्थिर झालं. प्रभागातल्या चार जागांची चारही बटणं त्यांनी स्वतः दाबली.

बाहेर रिक्षापाशी थांबलेल्या कुलदीपनं विचारलं, "कोणाले देलं?"

"गुप्त मतदान असते."

घरी पोचेस्तोवर गोळीची वेळ टळली होती. जिन्याच्या पहिल्याच पायरीशी पाय पुन्हा अडकले. घशाला कोरड पडली होती, आवाज निघेना. कुलदीपनं आधाराला हात पुढं केला.

"हात नको," त्या पुटपुटल्या. "ठेका दे."

तो क्षणभर घुटमळला, मग त्यानं कठड्यावर बोटांनी ताल धरला. मैनाबाई एकेक पायरी चढू लागल्या.