टाकेताईंच्या भिंतीवरची पाणघोडी

टाकेताईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. टाका इतका बारीक, की उसवायला बसणाऱ्याच्या नाकी नऊ यावेत. म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली म्हणजे त्यांचं दुकान. खिडकीशी मशीन, कोपऱ्यात उभा आरसा, पडद्याआड कपडे बदलायची जागा.

ताईंना वेड होतं एका चित्रकर्तीचं. तिने बस डेपोच्या भिंतीवर रंगवलेले प्राणी बघायला त्या एक थांबा आधी उतरत. तारेवरून तोल सांभाळत चाललेलं अस्वल, स्वतःच्याच मानेला गाठ मारून बसलेला जिराफ. गावात तिचं प्रदर्शन लागलं, तेव्हा ताई ठेवणीतला ड्रेस घालून गेल्या आणि एक छापील चित्र घेऊन आल्या. त्यात ठिपक्यांचा फ्रॉक घातलेली एक पाणघोडी ऐटीत उभी होती. चोचीत टेप धरून एक चिमणी तिच्या पोटाला वळसा घालत होती. टेप काही पुरत नव्हती.

मागे सही करताना चित्रकर्तीने विचारलं, "कुठे लावणार?"

"मशीनसमोर. ही चिमणी मीच आहे ना!"

ताईंचे यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. दिवसभर अडकलेल्या लोकांची बोलणी खाऊन ते घरी आले, चित्र पाहून म्हणाले, "लोक घरात डोंगर, नदी लावतात. तू जनावराला फ्रॉक घालून टांगतेस!" पण खिळा त्यांनीच ठोकला. दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि फिसकन हसले.

पुढच्याच आठवड्यात बँकेतल्या मॅडम शिवायला टाकलेला कोट घालून बघायला आल्या. जुनं गिऱ्हाईक, अंगाने चांगल्या भरलेल्या. ताई गुडघ्यांवर बसून कोटाची कड टाचत होत्या. मॅडमची नजर भिंतीवर गेली.

"हे माझ्यावरून लावलंय का?"

ताईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून बोलेपर्यंत उशीर झाला. मॅडमनी कोट उतरवून मशीनवर टाकला होता.

"समजतं हो मला," एवढंच म्हणून त्या जिना उतरल्या.

ताईंनी चित्र काढून कपाटामागे सरकवलं. दोन दिवस मशीन चाललं, पण कामात जीव लागेना. मान वर केली की नुसता खिळा दिसायचा.

"पाणघोडी कुठे गेली गं?" यजमानांनी विचारलं.

"अहो, गिऱ्हाईक दुखावलं."

"मग गिऱ्हाइकाशी बोल. पाणघोडीवर कसला राग?"

ताईंनी कोट पुरा केला. इस्त्री केली आणि स्वतः पोचवायला गेल्या. मॅडमनी दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच ताई म्हणाल्या, "मॅडम, ते चित्र मी माझ्यासाठी घेतलंय. त्यातली चिमणी मी."

"आणि दुसरी कोण ते सांगायला नकोच."

"दुसरी कोण ते मलाही माहीत नाही. पण तिचा चेहरा पाहिलात? स्वतःवर किती खूश आहे! इतकी वर्षं शिवतेय, आरशासमोर असं खूश झालेलं एकही माणूस मला भेटलं नाही. प्रत्येक जण काहीतरी लपवायला सांगतो. मला ती आवडते हो."

मॅडमनी हात पुढे केला. कोट घेतला आणि दार लावलं. गिऱ्हाईक गेलं, असं समजून ताई परतल्या. तरी घरी आल्या आल्या त्यांनी पाणघोडी पुन्हा खिळ्यावर चढवली.

थंडी सरता सरता एका दुपारी मॅडम आल्या. हातात कापडाची पिशवी. खुर्चीवर न बसता थेट चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "चेहरा मी पाहिलाच नव्हता. मी आपलं पोटच बघत बसले."

"सगळे तेच बघतात."

"कोटावर ऑफिसातली माणसं खूश आहेत." मग पिशवीतून त्यांनी कापड काढलं. पिवळंधमक, त्यावर मोठाले निळे ठिपके. "असलं मी कधी घातलं नाही. वाईट दिसेल का?"

"उठून दिसेल," ताई म्हणाल्या.

चित्रकर्तीचं पुढचं प्रदर्शन लागलं, तेव्हा दोघी मिळून गेल्या. दंतवैद्याकडे आ वासून बसलेली मगर घ्यावी की पोहायला शिकणारी मांजर, यावर त्यांची अशी जुंपली, की शेवटी चित्रकर्तीच खुर्ची घेऊन ऐकायला बसली.