आई लिझ्यूला भांडायला गेली

"फ्रान्स किसलिए जाना है, अम्मा?" व्हिसा सेंटरच्या खिडकीतल्या मुलीने विचारलं. मुलगी केरळची, हिंदी जपून बोलत होती.

आई म्हणाली, "लडने को."

मी घाईघाईने "टुरिझम, टुरिझम" म्हणालो आणि हसलो. हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर वीस वर्षं काढली की असं हसू बटण दाबल्यासारखं येतं. मुलीने आईकडे एकदा नीट पाहिलं आणि मुकाट बोटांचे ठसे घेतले.

आम्ही वसईचे कॅथलिक. नोकरी दुबई मरीनात, घर तिथून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला, कारण तिथे मीठपाण्याचा वास येतो असं आईचं म्हणणं, आणि भाडं परवडतं असं माझं. वडील गेल्यावर आई बरीच वर्षं एकटी राहिली आणि चार वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. येताना तिने कपड्यांच्या मधोमध एक फ्रेम आणली होती : हातात गुलाब घेतलेली, तरुणपणीच वारलेली लिझ्यूची संत. नॉर्मंडीतल्या त्या गावी जायचा नवस आईने कधीतरी बोलला होता. कशासाठी, ते मी विचारलं नव्हतं. माझ्या दहावीसाठी असावा, असं मी धरून चाललो होतो. गणितात मी ज्या मार्कांनी पास झालो, त्यामागे कुणीतरी स्वर्गातलं असणारच.

बायको नर्स, तिला रजा मिळाली नाही. तेव्हा निघालो तिघं : मी, चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि तेरा वर्षांची मुलगी. पॅरिसहून भाड्याची गाडी घेतली. बाहेर हिरवं कुरण, करडं आभाळ आणि गाई. वाळवंटात वाढलेल्या माझ्या मुलीने दहा मिनिटं फोटो काढले आणि म्हणाली, "डॅड, इट्स जस्ट काउज."

पहिल्या दिवशी मों सँ मिशेलला गेलो. समुद्रात खडक, खडकावर मठ, मठावर कळस, कळसावर सोन्याचा देवदूत. आईने मान वर करून पायऱ्यांचा अंदाज घेतला. "देवाला एवढ्या उंचावर राहायची काय गरज? कुणाला टाळतोय?" असं म्हणून ती खालीच एका ओट्यावर बसली आणि बिस्किटांचा पुडा फोडला. आम्ही दोघं वर जाऊन, धापा टाकून, परत आलो तोवर तिची एका जपानी म्हाताऱ्याशी दोस्ती झाली होती. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण पुडा संपला होता.

दुसऱ्या दिवशी ऑनफ्लर. तिथल्या बंदरावर जहाजं बांधणाऱ्या सुतारांनी उभारलेलं लाकडी चर्च आहे. वर पाहिलं तर छप्पर म्हणजे उलटी घातलेली होडी. आईचं बालपण किनाऱ्यावरच्या तसल्याच होड्यांखाली खेळण्यात गेलेलं. ती बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, "ह्यांना येत होतं ते ह्यांनी केलं. बरं केलं." आख्ख्या फ्रान्सला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

तिसऱ्या दिवशी लिझ्यू. टेकडीवरचं भलंमोठं बॅसिलिका चर्च आईने गाडीतूनच नापास केलं आणि सरळ गावातल्या मठाच्या चॅपलमध्ये गेली. तिथे जाळीमागे संतीण आडवी झोपलेली आहे, म्हणजे तिची मूर्ती. चारदोन माणसं गुडघे टेकून होती. आई उभीच राहिली. पदर खोचला. आणि मोठ्याने, स्वच्छ मराठीत सुरू झाली :

"मी म्हटलं होतं, त्याची दारू सोडव. तू सोडवलीस. कबूल. पण माणूस ठेवायचा होता ना, बाई! ते काय वेगळं सांगावं लागतं?"

मी गारठलो. हॉटेलात मी एसीपासून उशीपर्यंत सगळ्या तक्रारी ऐकल्यात, पण इतक्या वरच्या मॅनेजमेंटकडे गेलेली तक्रार पहिल्यांदाच पाहत होतो. एक म्हातारी नन लगबगीने आली. आता हाकलणार, असं वाटलं. तिने खुर्ची आणली. आई बसली आणि उरलेलं बसून बोलली.

बाहेर बारीक पाऊस होता. बाकावर मी विचारलं, "कुणाची दारू? पप्पांची?"

"नाहीतर काय पाद्रीबाबांची?"

माझे वडील दिवसा कारकून आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे. ट्रम्पेटबरोबर बाटली आली ती गेली नाही. ते वारले तेव्हा मी दुबईत नवा होतो. विमानातून उतरलो, पुरलं, चार दिवसांनी परत. पिऊन मेले, एवढं मी मनाशी लिहून टाकलं होतं आणि तेव्हापासून स्वतः दारूला शिवत नाही ह्याचा छान तोराही मिरवत होतो.

"शेवटचे अकरा दिवस एक थेंब नाही," आई म्हणाली. "स्वतःच्या हाताने मोरीत ओतली. हात थरथरायचे, तरी बसून ट्रम्पेट पुसायचा. बाराव्या दिवशी चहा पिता पिता गेला."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस? तोंड पाडून आलास न् तोंड पाडून गेलास."

मुलगी माझ्या जॅकेटच्या बाहीला धरून बसली होती. मराठी तिला जेवढं कळतं असं मी समजतो, त्यापेक्षा जास्त कळत असावं.

मुक्काम सफरचंदाच्या बागेतल्या एका शेतघरात होता. घरमालकीणबाईंनी जेवणाच्या मध्येच छोट्या पेल्यांतून सफरचंदाची कडक ब्रँडी आणली. ही इथली रीत : तिने पोटात भोक पडतं म्हणे आणि पुढच्या पदार्थाला जागा होते. मी आईला समजावून सांगितलं.

"जेवणाच्या मध्ये? औषध म्हणून?" आई म्हणाली. "तुझा बाप चुकीच्या देशात जन्मला."

तिने पेला उचलला, जन्मात पहिल्यांदा. घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं. "ह्या रॉकेलासाठी तीस वर्षं?" मग आणखी एक घोट घेतला, खात्री करायला. मीही घेतला आणि ठसकलो.

"आजी, वॉज ही गुड? ॲट द ट्रम्पेट?" मुलीने विचारलं.

"वाईट. पण मोठ्याने." आई पेला फिरवत म्हणाली, "एकदा वरातीत पुढे चालत होता, झिंगलेला. बँड चर्चकडे वळला, हा सरळ गेला. वाजवत वाजवत दुसऱ्याच लग्नात. त्यांनी जेवू घातलं. त्या लग्नात मी वाढायला होते."

"सो यू गॉट मॅरीड बिकॉज ही वॉज ड्रंक?"

"शुद्धीतल्या कुणी मला मागणी घातली नव्हती, बाळा."

शेहेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मालकीणबाई पेले उचलायला आल्या, त्यांना मी हातानेच थांबा म्हटलं, कारण आई अजून त्या लग्नातल्या मटणाच्या पंगतीतच होती आणि वडिलांनी जेवताना ट्रम्पेट कुठे ठेवला होता ते सांगायचं राहिलं होतं.