दुकानात फिट, घरी फुस्स

मंडळी, आत्ताच दुकानातून आलेय आणि डोकं ठणकतंय, म्हणून आधी इथे लिहिते.

झोपेत श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी ह्यांना सीपॅप मशीन दिलंय. नाकातोंडावर मास्क लावून झोपायचं. पण कडेने हवा सुटते, फुस्स फुस्स, थेट माझ्या कानात! पट्टे आवळले तर गालावर वळ उठतात आणि हवा सुटायची ती सुटतेच.

आज आमच्या घडियाळी पोळेतल्या घरातून भर उन्हात मास्कचं दुकान पुन्हा गाठलं. दुकानातल्या गुजराती भाईने ह्यांना मास्क लावून मशीन चालू केलं. जरा हवा सुटेल तर शपथ! "मासी, एकदम फिट छे." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खोटारडी.

तेवढ्यात माझी ट्यूब पेटली. "अहो, कवळी काढा."

"इथे? लोक आहेत!"

"रात्री काढूनच झोपता ना?"

घरीसुद्धा दिवा घालवल्याशिवाय काढत नाहीत. शेवटी भिंतीकडे तोंड करून काढली, रुमालात गुंडाळली. गाल आत गेले, मास्क लावला आणि फुस्स!

आधी का नाही सांगितलं म्हणून भाईने कपाळाला हात लावला. "काका, पहेलां केम न कह्युं?"

"मला कोणी विचारलं?"

आता बिनकवळीच्या तोंडाला बसेल असा दुसरा मास्क आणलाय. तुम्ही गेलात तर रात्री झोपता तसंच तोंड घेऊन जा.

आणि बायांनो, एवढं सांगा: तोंडाचं बोळकं दाखवायची ज्यांना एवढी लाज, त्यांना इतकी वर्षं घोरायची कशी नाही वाटली?