‘ने’ म्हणजे नाही

कुत्री हवी होती मुलीला. तिला सकाळी फिरवायला मात्र मी, भर पावसात पिशवी घेऊन तिच्या मागे वाकायलाही मीच. आणि तिच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे ठरवणार बाकीचे.

नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या आमच्या घरात मराठी बोलणारी मी एकटीच उरले होते. मुलीला सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये येतं. नवऱ्याची डचची परीक्षा जवळ आलेली, त्यामुळे तोही मीठसुद्धा डचमध्ये मागायचा. म्हणून पिल्लू घरी आलं तेव्हा मी मनाशी ठरवलं, हिच्याशी आपण मराठीतच बोलायचं. तेवढं एक माणूस तरी माझ्या बाजूला राहू दे.

एक दिवस तिच्यापुढे दोरीचं खेळणं टाकलं. तिने ते तोंडात धरलं, तशी मी लाडाने म्हणाले, “ने, ने.” तिने तोंडातली दोरी टाकली आणि शेपूट घालून सोफ्यामागे जाऊन बसली. “अगं, ने की,” मी म्हणाले. ती आणखी आत सरकली. मुलगी हसून हसून जमिनीवर लोळायची बाकी राहिली. डचमध्ये ‘ने’ म्हणजे नाही. कुत्र्यांच्या वर्गात तोंडातली वस्तू सोडायला तिला हाच शब्द शिकवला होता. मी बापडी आग्रह करत होते आणि तिला वाटत होतं, मी रागावतेय.

मुलीने हा किस्सा कुत्र्यांच्या वर्गात सांगितला. गमबूट घातलेल्या उंच शिक्षिकाबाई गंभीर झाल्या. दोन भाषांनी कुत्रं गोंधळतं, घरात एकच भाषा ठेवा, डच. मला समजलं होतं, तरी मुलीने ते मला पुन्हा समजावून सांगितलं. माणसाच्या मुलांना दोन भाषा सहज झेपतात, असं मला तिच्याच शाळेत सांगितलं होतं. तिने त्यातली एक सोडून दिली, तेव्हा कुणी गंभीर झालं नाही. कुत्र्यासाठी मात्र लगेच नियम. नवरा म्हणाला, “बाई शिकलेल्या आहेत, ऐकू या की.” माझं डोकंच फिरलं.

त्यानंतर कुत्रीसमोर माझे उच्चार सुधारणं सुरू झालं. ‘ब्लैफ’ म्हणजे थांब. माझा ब्लैफ म्हणे चुकतो. पुण्यात वक्तृत्वाच्या स्पर्धा जिंकलेली बाई मी, आणि पोटची पोर मला स्वयंपाकघरात उभं करून ‘ब्लैफ’ पुन्हा म्हणायला लावत होती. कुत्री आळीपाळीने आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघायची.

मग घरून काम असेल त्या दिवशी, दोघंही बाहेर पडले की, मी तिच्याशी पोटभर मराठी बोलून घ्यायचे. “काय गं बये, कंटाळा आला?” इथपासून ऑफिसातल्या कागाळ्यांपर्यंत सगळं. स्वतःच्याच घरात ही चोरी.

गेल्या महिन्यात तिचं नख उखडलं. डॉक्टरकडे टेबलावर ती थरथरत होती, पाय हाती लागू देत नव्हती. मुलगी तिला धरून “ब्लैफ, ब्लैफ” म्हणत होती आणि रडवेली झाली होती. मी गप्प उभी. नियम म्हणजे नियम, आणि खरं सांगायचं तर मला रागही होता.

“आई,” मुलगी डचमध्ये म्हणाली, “म्हण ना. तू घरी तिला म्हणतेस ते.”

म्हणजे माझी चोरी हिला माहीत होती. मी कुत्रीच्या कानाशी वाकले. “झालं गं बाळा, झालं. एवढंच.” तिने डोकं माझ्या कोपरात खुपसलं आणि पाय सैल सोडला.

परतताना गाडीत मुलीने डचमध्येच विचारलं, मराठीत कुत्र्यांना असं म्हणतात का?

“कुत्र्यांना नाही. तुला म्हणायचे मी. प्रत्येक इंजेक्शनला.”

तिने आठवून पाहिलं. आठवलं नाही. म्हणाली, “मग आता फक्त तिलाच का म्हणतेस?”

मी तडकून म्हणाले, “तू उत्तर डचमध्ये देतेस म्हणून.”

तिने मागे वळून पाहिलं. बँडेज बांधलेला पाय पुढे पसरून कुत्री झोपली होती.

“ती तर उत्तरच देत नाही,” मुलगी म्हणाली.